महासागराची रेशमी नोंदवही

महासागर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम येतो तो देवमासा. मग शार्क, डॉल्फिन, प्रवाळांची रंगीबेरंगी उद्याने. वास्तविक समुद्रातील बहुसंख्य रहिवासी नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. भर समुद्रात बारीक विणीचे जाळे थोडा वेळ ओढावे आणि त्यात साठलेल्या पदार्थाचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा, म्हणजे काचेच्या नक्षीदार डब्यांसारख्या डायाटम वनस्पती, वल्ह्यांसारखे पाय मारणारे कोपेपॉड, पारदर्शक बाणकृमी, नुकतीच अंड्यातून बाहेर पडलेली माशांची पिले असे एक अवघे गाव तेथे नांदताना दिसते. प्रवाह नेईल तिकडे वाहत जाणाऱ्या या जीवसृष्टीला जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सेन यांनी १८८७ मध्ये ‘प्लँक्टन’ हे नाव दिले. मराठीत त्यासाठी ‘प्लवक’ हा शब्द रूढ झाला आहे. पृथ्वीवर होणाऱ्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळजवळ निम्मे काम सागरातील वनस्पतिप्लवक करतात, आणि कोळंबीपासून देवमाशापर्यंत समुद्रातील बहुतेक सर्वांचे पोट अखेर त्यांच्यावरच अवलंबून असते.

ज्यांच्यावर इतके अवलंबून आहे त्यांची मोजदाद करायची कशी, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी शास्त्रज्ञांना सतावत होता. संशोधन-नौका काढणे खर्चाचे, समुद्र अफाट आणि प्लवकांचे थवे आज येथे तर उद्या तेथे. या प्रश्नाला साधे, स्वस्त आणि म्हणूनच टिकाऊ उत्तर शोधून काढणारे शास्त्रज्ञ म्हणजे सर ॲलिस्टर हार्डी. त्यांच्या उत्तराचे खरे मोल जगाला कळले, ते मात्र त्यांच्या निधनानंतर.

हार्डी यांचा जन्म १० फेब्रुवारी १८९६ रोजी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे झाला. वडील वास्तुविशारद होते. मुलाला लहानपणापासून किड्यामुंग्यांचे वेड आणि चित्रकलेची आवड. ही दोन्ही वेडे त्यांनी आयुष्यभर सांभाळली. १९१४ मध्ये ते ऑक्सफर्डच्या एक्झेटर महाविद्यालयात दाखल झाले आणि त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. शिक्षण अर्धवट सोडून ते सैन्यात गेले. प्रथम पूर्व किनाऱ्यावर पहारा देणाऱ्या सायकलस्वारांच्या तुकडीत आणि पुढे, हाती कुंचला असल्याने, शत्रूच्या नजरेपासून तोफा व ठाणी दडविण्याची विद्या शिकणाऱ्या पथकात त्यांनी काम केले. युद्धाला निघताना या तरुणाने मनाशी एक संकल्प केला होता. यातून जिवंत परतलो तर उत्क्रांतीचा सिद्धांत आणि माणसाची आध्यात्मिक जाणीव यांचा मेळ घालण्यासाठी आयुष्य वेचीन, असा तो संकल्प. ते परतले, पण त्या संकल्पाची पूर्तता होण्यास पुढे पन्नास वर्षे लागायची होती. दरम्यान समुद्राने त्यांना ओढून नेले.

ऑक्सफर्डला परत आल्यावर त्यांना ज्यूलियन हक्स्ली यांच्यासारखे शिक्षक लाभले. पदवीनंतर १९२१ मध्ये इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लोस्टॉफ्ट येथील सरकारी मत्स्य-प्रयोगशाळेत ते साहाय्यक निसर्गशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. लोस्टॉफ्ट हे हेरिंग माशाचे बंदर होते. हेरिंग म्हणजे आपल्या कोकणातल्या तारलीची दूरची नातलग. थव्याथव्याने येणारी, तेलकट आणि गोरगरिबांना परवडणारी. शरद ऋतूत शेकडो होड्या तिच्या मागावर निघत. एखाद्या रात्री जाळी फाटेपर्यंत मासळी मिळे, तर एखाद्या रात्री त्याच पाण्यात काहीच हाती लागत नसे. मच्छीमारांच्या घरची चूल पेटणे या लहरीवर अवलंबून होते.

हेरिंगची ही लहर तिच्या अन्नात दडली असली पाहिजे, असा तर्क करून हार्डी यांनी हजारो माशांची पोटे तपासली. अंड्यातून निघालेले पिलू काय खाते, बोटभर झाल्यावर काय खाते, पूर्ण वाढ झाल्यावर काय खाते, याची त्यांनी बारकाईने नोंद केली. १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात हे सारे एका आकृतीत मांडलेले होते. कोण कोणाला खातो हे दाखविणाऱ्या रेषांचे जाळेच त्या आकृतीत विणले गेले होते. त्यात एक विलक्षण गोष्टही उघड झाली. मोठी हेरिंग ज्या तरंगत्या सृष्टीवर जगते, तिच्यातीलच बाणकृमी आणि कंकतजेली हे जीव हेरिंगच्या पिलांना फस्त करतात. अन्नसाखळी सरळ रेषेत चालत नाही, ती अनेक पदरांनी गुंतलेली असते, हे दाखविणाऱ्या सुरुवातीच्या आकृत्यांपैकी ही एक. आजही सागरी जीवशास्त्राच्या पुस्तकांत ती आढळते.

याच काळात त्यांनी मच्छीमारांसाठी एक छोटे उपकरण तयार केले. पाणतीरासारख्या आकाराच्या नळीत रेशमी जाळीची एक चकती बसवायची आणि होडीमागे काही अंतर ती ओढायची. चकती हिरवी झाली तर पाणी वनस्पतिप्लवकांनी दाटलेले. तेथे जाळे टाकण्यात फारसा अर्थ नाही. तिच्यावर लालसर कोपेपॉड दिसले तर हेरिंग सापडण्याची शक्यता अधिक. प्रयोगशाळेतले ज्ञान जाळे टाकणाऱ्याच्या हाती द्यावे, ही दृष्टी येथे प्रथम दिसते. रेशमाची ती चकती हे पुढच्या मोठ्या कल्पनेचे बीज होते.

१९२४ मध्ये हार्डी यांच्यापुढे एक मोठी संधी चालून आली. अंटार्क्टिक सागराच्या उंबऱ्यावरील साउथ जॉर्जिया बेटावर १९०४ पासून देवमाशांच्या शिकारीचे कारखाने सुरू झाले होते. देवमाशाच्या चरबीचे तेल साबण आणि मार्गारीन यांसाठी लागे. उत्तरेकडील समुद्रांतून देवमासे जवळपास संपविल्यानंतर शिकाऱ्यांनी मोर्चा दक्षिणेकडे वळविला होता, आणि येथेही तीच गत होणार याची चिन्हे दिसू लागली होती. देवमासे किती, ते कोठून येतात, काय खातात, हे शोधण्यासाठी ब्रिटिश सरकारने मोहीम आखली. तिच्या खर्चासाठी देवमाशाच्या तेलावर बसविलेल्या कराचा पैसा वापरण्यात आला. कॅप्टन स्कॉट यांच्या पहिल्या दक्षिण ध्रुवीय मोहिमेसाठी बांधलेले ‘डिस्कव्हरी’ हे लाकडी जहाज या कामासाठी निवडण्यात आले. मोहिमेचे नेते होते स्टॅन्ली केंप. कलकत्त्याच्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेत अनेक वर्षे काम करून ते थेट या मोहिमेवर आले होते. हार्डी यांची नेमणूक मुख्य प्राणिशास्त्रज्ञ म्हणून झाली.

१९२५ च्या शरदात निघालेली ‘डिस्कव्हरी’ केप टाउनमार्गे फेब्रुवारी १९२६ मध्ये साउथ जॉर्जियाला पोहोचली. ग्रिटविकेनच्या किनाऱ्यावर त्या वेळी दिवसरात्र देवमासे सोलले जात होते. बंदरातले पाणी रक्ताने तांबडे, हवेत चरबी उकळल्याचा दर्प आणि काठावर सांगाड्यांचे ढीग. या देवमाशांच्या पोटात सापडे ते क्रिल. आपल्या जवळ्याची थोरली बहीण शोभावी असा, पाच-सहा सेंटिमीटर लांबीचा हा जीव. शंभर टनांचा निळा देवमासा एवढ्याशा जीवावर जगतो, तर देवमाशाचा ठावठिकाणा क्रिलच्या थव्यांवर ठरणार आणि क्रिलचा ठावठिकाणा वनस्पतिप्लवकांवर, हे उघड होते. म्हणजे जगातील सर्वांत मोठ्या प्राण्याचा शोध सर्वांत लहान जीवांपासून सुरू करणे भाग होते.

इथे जुनी पद्धत अपुरी पडत होती. जहाज थांबवायचे, जाळे खोल सोडायचे, वर ओढायचे आणि काही मैल पुढे जाऊन पुन्हा तेच करायचे, अशी ती पद्धत. पण प्लवक समुद्रात सारखे पसरलेले नसतात. आकाशातल्या ढगांप्रमाणे त्यांचे पुंजके असतात. दोन ठिकाणी जाळे टाकले आणि मधला दाट पुंजका निसटला तर सारा हिशेबच चुकायचा. सुट्या ठिपक्यांऐवजी अखंड रेषा हवी, हे हार्डी यांच्या मनाने घेतले होते. त्यासाठीचे यंत्र त्यांनी मोहिमेपूर्वीच आखले होते आणि ‘डिस्कव्हरी’वर ते पाण्यात उतरविले. सलग प्लवक-नोंदणी यंत्र असे त्याचे वर्णन करता येईल.

या यंत्राची रचना ऐकली तर त्यात काही अवघड आहे असे वाटणार नाही. सुमारे एक मीटर लांबीची, माशाच्या आकाराची धातूची पेटी जहाजामागे तारेने ओढली जाते. तिच्या नाकाशी सव्वा सेंटिमीटर रुंदीचे एक चौकोनी भोक असते. त्यातून शिरलेले पाणी आतल्या रेशमी पट्टीतून गाळले जाऊन मागच्या बाजूने निघून जाते आणि प्लवक पट्टीवर अडकतात. लगेच दुसरी रेशमी पट्टी वरून येऊन त्यांना झाकते आणि दोन्ही पट्ट्या मिळून फॉर्मॅलिनच्या टाकीतल्या रिळावर गुंडाळल्या जातात. पट्टी पुढे सरकविण्यासाठी वीज लागत नाही. पेटीच्या शेपटीशी बसविलेला छोटा पंखा पाण्याच्या ओघाने फिरतो आणि तोच रीळ फिरवितो. जहाज जितके पुढे जाईल तितकी पट्टी पुढे सरकते. त्यामुळे बंदरात आल्यावर पट्टी उलगडली की प्रवासाच्या कोणत्या टप्प्यावर कोणते जीव होते, हे एखाद्या रोजनिशीप्रमाणे वाचता येते. पट्टी किती हिरवी पडली यावरून वनस्पतिप्लवकांचा अंदाजही बांधता येतो.

१९२७ मध्ये ‘डिस्कव्हरी’ परतली. देवमाशांच्या भक्ष्याविषयी आणि दक्षिण सागरातील प्लवकांविषयी भरपूर माहिती तिने आणली. तिच्यावर आधारलेला, हार्डी व त्यांचे सहकारी ई. आर. गंथर यांचा मोठा प्रबंध १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु शिकारीचा वेग विज्ञानापेक्षा जास्त ठरला. मोहीम समुद्रात असतानाच, मागच्या बाजूच्या उतारावरून देवमाशाला थेट पोटात ओढून घेणारी तरंगती कारखाना-जहाजे आली. किनाऱ्यावरील परवाने आणि कर यांतून ती सहज सुटली. १९३०-३१ च्या एकाच हंगामात अंटार्क्टिक सागरात २९ हजारांहून अधिक निळे देवमासे मारले गेले. साउथ जॉर्जियावरील कारखाने १९६० च्या दशकात बंद पडले, तेही दया आली म्हणून नव्हे, तर परवडण्याइतके देवमासे उरले नाहीत म्हणून. हार्डी यांनी या मोहिमेची हकिगत ‘ग्रेट वॉटर्स’ या पुस्तकात १९६७ मध्ये लिहिली, तेव्हा ज्यांच्या संरक्षणासाठी मोहीम निघाली होती त्या निळ्या देवमाशांचे कळप जवळजवळ नाहीसे झाले होते. माहिती वेळेवर हाती नसली की काय घडते, याचा हा धडा त्यांच्या डोळ्यांसमोर लिहिला गेला.

परतल्यावर त्याच वर्षी त्यांचा विवाह सागरी प्राणिशास्त्रज्ञ वॉल्टर गारस्टँग यांची कन्या सिल्व्हिया यांच्याशी झाला. १९२८ मध्ये हल येथील नव्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राणिशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. हल हे व्यापारी बंदर. तेथून उत्तर समुद्रापार नेमाने जहाजे जात. येथे हार्डी यांना त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी कल्पना सुचली. आपले यंत्र ओढायला शास्त्रज्ञाची गरज नाही आणि संशोधन-नौकेचीही नाही. मालवाहू जहाज नाहीतरी त्या वाटेने जातच आहे. त्याच्यामागे ही पेटी बांधून दिली तर खलाशी ती पाण्यात सोडतील आणि पलीकडच्या बंदरात काढून घेतील. जहाजाला वेग कमी करावा लागणार नाही. मग एका मोहिमेऐवजी महिन्यामागून महिना, वर्षामागून वर्ष त्याच वाटेची नोंद मिळत राहील. हवामानखाते जशी रोज ठरलेल्या वेळी पावसाची आणि तापमानाची नोंद घेते, तशी समुद्राच्या जीवनाची नोंद घेणे त्यांना अभिप्रेत होते.

यंत्राची आटोपशीर आवृत्ती तयार झाली आणि १९३१ मध्ये हल येथून हे सर्वेक्षण सुरू झाले. जहाज कंपन्यांनी आणि कप्तानांनी हे काम आपखुशीने पत्करले. दुसऱ्या महायुद्धात ते थांबले, १९४६ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि हळूहळू उत्तर अटलांटिकभर पसरले.

हार्डी यांची जिज्ञासा एका जागी थांबणारी नव्हती. हल येथे असताना त्यांनी पतंगांना जाळी बांधून आकाशात उडविली आणि वाऱ्याबरोबर वाहत जाणारे कीटक पकडले. समुद्रात जसे प्लवक, तसे हवेतही असणार, हा त्यामागचा विचार. दुसऱ्या महायुद्धात अन्नटंचाई भासू लागली तेव्हा प्लवकच माणसाचे अन्न होऊ शकतील का, हेही त्यांनी तपासले. पण त्यात व्यवहार्य असे काही निष्पन्न झाले नाही. १९४० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, १९४२ मध्ये ॲबर्डीनला आणि १९४६ मध्ये ऑक्सफर्डला प्राध्यापक म्हणून गेले. पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे प्राणिवर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गेन यांना ऑक्सफर्डला आणण्यात त्यांचाच पुढाकार होता. १९५७ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९५६ साली निघालेल्या ‘द ओपन सी’ या पुस्तकाने प्लवकांचे जग सामान्य इंग्रजी वाचकाच्या घरात नेले. त्यातील रंगीत चित्रे हार्डी यांनी स्वतः काढलेली होती. फॉर्मॅलिनमध्ये प्लवकांचे रंग उडून जातात, म्हणून हलत्या जहाजावर ताज्या नमुन्यांसमोर बसून ते जलरंगात चित्रे काढीत.

१९६० मध्ये त्यांनी एका व्याख्यानात माणसाच्या पूर्वजांनी काही काळ उथळ पाण्यात घालविला असावा, अशी कल्पना मांडली. सुमारे ३० वर्षे त्यांनी ती मनातच ठेवली होती. वृत्तपत्रांनी तिचा गाजावाजा केला. बहुतेक मानवशास्त्रज्ञांनी मात्र ती स्वीकारली नाही, आजही स्वीकारलेली नाही. तरुणपणीच्या संकल्पाकडेही ते याच काळात वळले. ॲबर्डीन येथे दिलेल्या गिफर्ड व्याख्यानांत त्यांनी उत्क्रांती आणि धर्मभावना यांचा विचार केला आणि १९६९ मध्ये ऑक्सफर्ड येथे लोकांचे आध्यात्मिक अनुभव गोळा करून त्यांचा अभ्यास करणारे केंद्र उभारले. तेथेही पद्धत तीच, प्लवकांची: आधी नमुने जमवायचे, नीट वर्गवारी करायची आणि मगच निष्कर्षाकडे वळायचे. अनेक शास्त्रज्ञ सहकाऱ्यांना हा छंद रुचला नाही. मे १९८५ मध्ये, टेम्पल्टन पुरस्कार जाहीर झाल्यानंतर थोड्याच काळाने, ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे काही वर्षांतच त्यांचे सर्वेक्षण बंद पडण्याची वेळ आली. वर्षानुवर्षे तेच ते मोजत राहण्यात नवे विज्ञान काय आहे, असा प्रश्न विचारला जाऊ लागला आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारी निधी आटला. अनेक देशांतील शास्त्रज्ञ पुढे आले आणि १९९० मध्ये हार्डी यांच्याच नावाने प्रतिष्ठान स्थापून हे काम वाचविण्यात आले. २०१८ पासून ते प्लिमथ येथील मरीन बायॉलॉजिकल असोसिएशनच्या छत्राखाली चालते.

ते वाचले नसते तर काय गमावले असते, याची उत्तरे पुढच्या काळात मिळत गेली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले की, ईशान्य अटलांटिकमधील उष्ण पाण्यात राहणारे कोपेपॉड सुमारे ४० वर्षांत तब्बल दहा अक्षांश उत्तरेकडे सरकले आहेत. थंड पाण्यातील कोपेपॉड उत्तर समुद्रातून मागे हटले आणि त्यांच्यावर वाढणाऱ्या कॉडच्या पिलांचे अन्न कमी झाले. १९९९ मध्ये पट्टीवर एक डायाटम सापडला, जो अटलांटिकमधून सुमारे आठ लाख वर्षांपूर्वी नाहीसा झाला होता. आर्क्टिकचे बर्फ वितळल्याने तो प्रशांत महासागरातून पुन्हा इकडे आला असावा. २००४ मध्ये जपून ठेवलेल्या जुन्या पट्ट्या पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा १९६० च्या दशकापासूनच्या रेशमावर प्लॅस्टिकचे सूक्ष्म तंतू आढळले आणि दशकागणिक ते वाढत गेल्याचेही दिसले. १९५७ मध्ये आइसलंडजवळ मासेमारीच्या प्लॅस्टिकची दोरी आणि १९६५ मध्ये आयर्लंडजवळ प्लॅस्टिकची पिशवी यंत्रात अडकल्याच्या साध्या नोंदीही कामाच्या वह्यांत होत्या. त्या लिहिणाऱ्यांना तो केवळ कामातला व्यत्यय वाटला असेल. आज सागरी प्रदूषणाच्या इतिहासातील तो पहिल्या पुराव्यांपैकी एक ठरला आहे.

यांपैकी एकही गोष्ट हार्डी शोधायला निघाले नव्हते. त्यांना हेरिंग आणि देवमासा यांचे कोडे सोडवायचे होते. हवामानबदल आणि प्लॅस्टिक हे प्रश्न १९३१ मध्ये कोणाच्या मनातही नव्हते. तरीही त्यांची उत्तरे त्या रेशमात साठत गेली, कारण मोजण्याची पद्धत फारशी बदलली नाही आणि मोजणे थांबले नाही. आजपर्यंत या पेट्या ७० लाखांहून अधिक सागरी मैल ओढल्या गेल्या आहेत. १९९१ पासून दक्षिण महासागरातही त्या नेमाने ओढल्या जातात. याच समुद्रांवर ‘डिस्कव्हरी’मागे पहिले यंत्र धावले होते. पेटीच्या आत अजूनही रेशीमच असते, आणि पट्टी किती हिरवी पडली ते माणूस डोळ्यांनीच पाहून ठरवितो. देवमाशांच्या बाबतीत माहिती हाती यायला उशीर झाला होता. तसा उशीर पुन्हा होऊ नये, याची सोय हार्डी यांनी करून ठेवली. त्या माहितीचे काय करायचे, हे ठरविण्याचे काम मात्र त्यांनी आपल्यावर सोपविले आहे.